चार मीटरांची पालखी

मराठी माणूस परीक्षण कशाचं करत नाही? नाटकाचं करतो, मिसळीचं करतो, शेजाऱ्यांच्या नव्या जावयाचं तर तो चपला काढायच्या आत करतो. लग्नाच्या पंगतीतून उठल्यावर हात धुता धुता मठ्ठ्याचं जे परीक्षण होतं, ते छापून आलं तर भल्याभल्या समीक्षकांना धंदा बंद करावा लागेल. पण भाड्याच्या मोटारीचं परीक्षण काही माझ्या वाचनात आलेलं नाही.

मोटारींवर लिहिणारे जाणकार नाहीत असं नाही. पण त्यांना मिळते कोरी गाडी. तिच्या सीटवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नसतं. ते तिला घाटात नेतात, शंभराचा वेग गाठायला किती सेकंद लागले ते मोजतात आणि इंजिन 'उत्साही' आहे की 'संयमी', ते आपल्याला कळवतात. हे म्हणजे शुभारंभाचा प्रयोग बघून नाटकावर लिहिणं झालं. भाड्याची गाडी हा दौऱ्यावरचा दोनशेवा प्रयोग असतो. नायकाच्या कोटाचं बटण गेलेलं असतं, पडद्याला ठिगळ असतं, नायिकेचा घसा बसलेला असतो. नाटक उभं राहतं की नाही ते तिथे कळतं. आणखी एक गोष्ट. हे सगळे जाणकार स्टिअरिंगमागे बसून लिहितात. मागच्या सीटच्या वतीनं कुणी लिहीत नाही. आणि आपल्याकडे मोटार ही मुख्यतः मागच्या सीटवर बसण्याची वस्तू आहे. साहेब मागे बसतो, मंत्री मागे बसतो, नवरदेव मागे बसतो. पुढे बसतो तो शिपाई, पी.ए. किंवा करवला.

तर आमची गाडी सेडान होती. तीन दिवसांच्या बोलीनं घेतलेली, स्वतःच चालवायची. म्हणून नंबरप्लेट काळी आणि अक्षरं पिवळी. टॅक्सीच्या बरोबर उलटं. ही काळी पाटी फार बोलकी असते. ती बघितली की हायवेवरचा ट्रकवाला ओळखतो, आतल्या माणसाची आणि गाडीची ओळख आज सकाळीच झालेली आहे. तो आपणहून चार हात लांब राहतो. गाडीच्या सुरक्षिततेच्या साधनांत मी या पाटीचा नंबर वरचा लावीन. गाडी कुठल्या कंपनीची आणि भाड्यानं देणारे कोण, ते मात्र सांगणार नाही. मी जे म्हणणार आहे ते पुष्कळ गाड्यांना आणि पुष्कळ भाडेवाल्यांना लागू आहे. एकट्यादुकट्याला पकडून फटके मारण्यात अर्थ नाही.

जायचं होतं नरपडला. डहाणूचा पारनाका ओलांडून, समुद्र डाव्या हाताला ठेवून बोर्डीच्या वाटेला लागलं की थोड्याच वेळात नरपड येतं. रस्त्याच्या एका अंगाला सुरूची झाडं आणि त्यांच्यामागे समुद्र, दुसऱ्या अंगाला चिकूच्या वाड्या. असंच पुढे गेलं की चिखले, घोलवड, बोर्डी. नरपड हे आमच्या सासूबाईंचं माहेर. लोकल एप्रिल २०१३ पासून थेट डहाणूपर्यंत जाते आणि एरवी आम्ही तिनंच जातो. पण सासूबाईंना आता अठ्ठ्याहत्तरावं लागलंय आणि स्टेशनांचे जिने त्यांच्या गुडघ्यांना मंजूर नाहीत. म्हणून मोटार. मी चालवणार, शेजारी मेव्हणा. मागे सासूबाई, सौ. आणि त्या दोघींच्या मध्ये मेव्हण्याचे चिरंजीव. चिरंजीव इंजिनिअरिंगला आहेत, त्यामुळे गाडीतलं कुठलंही बटण कशाचं आहे हे त्यांना माहीत असतं आणि ते कशाला आहे हे माहीत नसतं.

'सेडान' हा शब्द आता इतका रुळलाय की तो पहिल्यापासून मोटारीचाच असावा असं वाटतं. तसं नाही. सतराव्या शतकात इंग्लंडात सेडान म्हणत ती दोन माणसांनी दांड्यांवर उचलून न्यायच्या बंद खुर्चीला. म्हणजे थोडक्यात आपला मेणा. त्या सेडानला गिअर नव्हते, पण आत बसणारं माणूस हे तिचं प्रयोजन होतं. रचना सगळी त्याच्यासाठी. भोयांना काचेच्या पडद्यावर गाणी निवडायची सोय, भोयांना चहाचा पेला ठेवायला खाच, भोयांच्या पाठीला कमी-जास्त होणारा आधार, आणि आत बसलेल्याला मात्र 'जरा सरकून घ्या', असा प्रकार त्या काळी झालेला नाही. तो आजच्या सेडाननं करून दाखवलाय.

आधी रूपाचं बघू. पुढून गाडी देखणी आहे. सुटाबुटातला गृहस्थच. रुंद कपाळ, तिरके दिवे, चेहऱ्यावर नुकतंच प्रमोशन मिळाल्याचा भाव. मागून बघितलं की कळतं, सुटाचं कापड कमी पडलंय. मागचा भाग असा तोडल्यासारखा का, असं मी बरीच वर्षं मनात म्हणत असे. हे कलावंताचं काम नाही, अर्थखात्याचं आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाडीची व्याख्या झाली: लांबी चार मीटरांच्या आत, पेट्रोलचं इंजिन बाराशे सीसीपर्यंत, डिझेलचं पंधराशेपर्यंत. या मापात बसाल तर कर कमी. मग कारखानदार टेप घेऊन बसले. २००८ मध्ये इंडिगोची तोकडी आवृत्ती आली. डिझायर आधी चार मीटर सोळा सेंटिमीटर होती, ती २०१२ मध्ये तीन मीटर साडेनव्व्याण्णव सेंटिमीटर झाली. कायद्याला लागू नये म्हणून अर्धा सेंटिमीटर शिल्लक! सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले, त्यातही हीच रेघ कायम राहिली; मापातल्या गाडीला अठरा टक्के, मापाबाहेरच्या गाडीला चाळीस. वास्तुशास्त्रात ईशान्य जपतात, तसे आपले मोटार काढणारे हे चार मीटर जपतात. पुढून इंजिन कापता येत नाही, चालकाचे पाय कापता येत नाहीत. मग कापायचं काय? मागच्या सीटवर बसणाऱ्याचे गुडघे आणि त्याचं सामान.

आता इथे कुणीतरी उठून पद्मिनीचं नाव काढणार, हे मला ठाऊक आहे. आमच्या पिढीत मोटारीचा विषय निघाला की पाच मिनिटांत पद्मिनी येते आणि दहा मिनिटांत कुणाचे तरी डोळे पाणावतात. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार व्हायची. १९६४ मध्ये फियाट डिलाइट, १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी. गंमत म्हणजे तीही चार मीटरांच्या आतच होती. तेव्हा कर वाचवायचा म्हणून कुणी तिला कापलेली नव्हती, ती मुळातच तेवढी होती. पुढे बाकासारखी सलग सीट, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या दांड्यालाच, त्यामुळे पायाशी मोकळी जागा. त्या तेवढ्या गाडीत आम्ही किती माणसं बसलेली पाहिली आहेत, ते आज सांगितलं तर पोलीस जबाब घ्यायला येतील. मागे नीटस डिकी, वर कॅरिअर, कॅरिअरवर वळकटी.

पण म्हणून पद्मिनी सुखाची होती, असं म्हणणाऱ्यांत मी नाही. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, तेव्हा शहरभर हळहळ झाली. हळहळणाऱ्यांपैकी कितीजण मे महिन्यात दुपारी दोन वाजता तिच्यातून सायनहून फोर्टला गेले होते, याची चौकशी झाली पाहिजे. रेक्झिन पाठीला चिकटायचं. इंजिनाची ऊब थेट पोटऱ्यांना लागायची. काच खाली करायचा हँडल तिसऱ्या फेऱ्यानंतर हातात यायचा, मग टॅक्सीवाला तो सीटखाली ठेवायचा आणि काच हवी असेल तेव्हा मागून घ्यायचा. अँब्युलन्सपासून मंत्र्यांच्या ताफ्यापर्यंत मिरवलेली अँबॅसिडर तेवढी मागे बसणाऱ्याची गाडी होती, हे मान्य. उंच छत, उंच सीट. धोतर, टोपी आणि अधिकार तिघांनाही आत शिरता येई. उत्तरपाड्याला २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं आणि वाकल्याशिवाय मोटारीत बसण्याची सोय आपल्याकडून गेली.

कारण आजची सेडान ही बसायची गाडी नाही, उतरायची गाडी आहे. म्हणजे तिच्यात खाली उतरावं लागतं, विहिरीत उतरतात तसं. आधी डोकं, मग एक पाय, मग देवाचं नाव, मग उरलेलं शरीर. बाहेर येताना हाच क्रम उलटा आणि देवाचं नाव दोनदा. सासूबाईंनी पहिल्यांदा बसून बघितलं आणि म्हणाल्या, "अहो, हिच्यात आम्ही बसायचंय की लपायचंय?" समीक्षेचं याहून नेमकं वाक्य मला अख्ख्या प्रवासात सुचलं नाही.

बरं, बसलं की झालं म्हणावं तर तेही नाही. गाडी सीएनजीवरची. भाड्याची गाडी सीएनजीवर असणं साहजिक आहे. खर्च कमी, धूर कमी, त्याबद्दल तक्रार नाही. पण सीएनजीच्या पंपावर गॅस भरताना आतल्या सगळ्यांनी खाली उतरायचं असतं. नियम योग्यच आहे. मात्र तो करणाऱ्यानं गुडघेदुखी आणि सेडान यांचा एकत्र विचार केलेला नसावा. आणि गॅसचं सिलिंडर? ते असतं डिकीत. आधी अर्थखात्यानं डिकी कापली, उरलेल्या डिकीत कंपनीनं सिलिंडर आडवं टाकलं आणि सिलिंडरच्या कडेला जी फट राहिली, तिला जाहिरातीत 'सामानाची जागा' म्हणतात. आमच्या तिथे एक पिशवी, एक छत्री आणि सासूबाईंचा डबा राहिला. डबा त्यांनी परत मागवून मांडीवर घेतला. जुन्या इंग्रजी गाड्यांत 'डिकी' हे मागे नोकरमाणसांनी बसायच्या जागेचं नाव होतं. तेव्हा तिथे अख्खा माणूस मावत असे.

मागच्या सीटचं हवामान हा वेगळा विषय. पुढे चार झरोके. त्यांतून येणारं वारं थेट चालकाच्या आणि शेजाऱ्याच्या छातीवर. मागे झरोका नाही. विरारफाट्यापर्यंत मेव्हण्याला शिंका आणि सौ.ला घाम, असा एकाच गाडीत महाबळेश्वर आणि मालेगाव यांचा संगम झाला होता. मी थंडी वाढवली की मेव्हणा म्हणे, "भाऊजी, पुरे." कमी केली की मागून सौ. काहीच म्हणत नसे, आणि तीस वर्षांच्या संसारात तिचं काहीच न म्हणणं मी ओळखायला शिकलोय. शेवटी नरपड जवळ आलं, सुरूंतून समुद्राचा वारा यायला लागला, तेव्हा सगळ्यांनी काचा खाली केल्या. पुढच्या गेल्या पूर्ण खाली. मागच्या तीन चतुर्थांश जाऊन थांबल्या. दाराखाली चाकाची कमान असते ना, काच जाणार कुठे? माहेरचा वारा सासूबाईंना तेवढा पाव भाग कमी मिळाला.

त्यात मागच्या दारांना लहान मुलांसाठीचं कुलूप लावलेलं. आधीच्या भाडेकरूचं पोर अवखळ असणार. त्यामुळे वाडीत शिरून गाडी थांबली, आम्ही पुढचे दोघे उतरून मामेसासऱ्यांना नमस्कार वगैरे करतोय, आणि मागे तीन पिढ्या काचेआड. सासूबाई आतून हात हलवताहेत, मामांना वाटलं बहीण आनंदानं हात हलवते आहे. तेही हलवू लागले. हे बराच वेळ चाललं.

आता नियंत्रणं, म्हणजे बटणं, खटके, दांड्या. इथे गाडीला मोठं मन दाखवून गुण दिले पाहिजेत. स्टिअरिंग बोटानं फिरतं. क्लच इतका हलका की पाय ठेवलाय की नाही ते बघावं लागतं. ब्रेक चोख. चालकाची सीट वर-खाली, पुढे-मागे, स्टिअरिंगही वर-खाली. दोन तास चालवून पाठ अजिबात बोलली नाही. पद्मिनीत चौकात उजवीकडे वळणं हा दोन्ही हातांचा व्यायाम होता. त्या मानानं ही गाडी म्हणजे लोण्यात सुरी. चालकाचं सुख हीच जर कसोटी असेल तर परीक्षण इथेच थांबवून पाच तारे देतो.

पण तो काचेचा पडदा! रेडिओ त्यात, नकाशा त्यात, घड्याळ त्यात. पूर्वी मोटारीत खुंट्या असायच्या. ही चोकची, ही दिव्यांची, ही वायपरची. अंधारात हात गेला की बोटांना कळायचं. घरातल्या बाईला मोहरीचा डबा न बघता सापडतो तसं. काच चाचपता येत नाही. तिच्याकडे बघावं लागतं, आणि तिच्याकडे बघायचं म्हणजे रस्त्याकडे बघायचं नाही. शिवाय खड्डा आला की बोट घसरतं. मनोरजवळ मी आवाज कमी करायला बोट नेलं, खड्डा आला आणि गाडीनं चिरंजीवांच्या फोनमधल्या कुणा 'स्वीटी'ला फोन लावला. गाडीभर घंटी वाजत होती. चिरंजीवांनी मागून झेप घेऊन तो तोडला. पुढे चारोटीपर्यंत गाडीत विलक्षण शांतता होती, तिच्याबद्दल मात्र कारखान्याला श्रेय देता येणार नाही.

रिव्हर्सचा कॅमेरा चांगला आहे. पडद्यावर हिरव्या, पिवळ्या, लाल रेघा येतात. वाडीतून गाडी मागे घेताना लाल रेघेत एक कोंबडी येऊन उभी राहिली. गाडी पीं पीं करायला लागली. कोंबडीला ते आवडलं असावं, ती हलेना. मामा म्हणाले, "राहू द्या, तिला सवय आहे." सवय कशाची, ते विचारायचं राहिलं.

या पीं पीं वरून आता मुद्द्यावर येतो. गाडी बोलते. दार नीट लागलं नाही तर बोलते, किल्ली विसरली तर बोलते, पुढच्यानं पट्टा लावला नाही तर ओरडते. परतीच्या दिवशी मेव्हणा मागे राहिला, आणि मामांनी चिकूचा एक क्रेट दिला. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, तेव्हापासून मामा प्रत्येक चिकू सर्टिफिकेट दिल्यासारखा हातात देतात. डिकीत सिलिंडर, क्रेट ठेवायचा कुठे? ठेवला पुढच्या सीटवर. चाकं फिरली आणि गाडीनं आकांत मांडला. तिच्या हिशेबी पुढच्या सीटवर कुणीतरी वजनदार बसलेलं होतं आणि त्यानं पट्टा लावलेला नव्हता. चिरंजीव म्हणाले, "काका, त्याला बेल्ट लावा, नाहीतर मुंबईपर्यंत ओरडेल." लावला. चिकूच्या क्रेटला आडवा पट्टा, छातीवरून कमरेपर्यंत, कंपनीच्या नियमाप्रमाणे. गाडी समाधानानं गप्प झाली.

आणि मागे अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई मांडीवर डबा घेऊन मोकळी बसली होती. तिच्याबद्दल गाडी चकार शब्द काढत नव्हती.

मी गाडी बाजूला घेतली आणि मागचा पट्टा शोधायला लागलो. पट्टा होता, दाराच्या वरच्या बाजूला लोंबत होता. पण तो ज्यात अडकवायचा ते कुलूप? ते नव्हतं. म्हणजे कारखान्यानं दिलेलं होतं, पण त्यावर भाडेवाल्यानं नवं तपकिरी सीट-कव्हर चढवलेलं होतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग, कुठे फट म्हणून नाही. हात लावला की आत काहीतरी टणक लागे. कप्प्यात किल्ली ठेवून कपाटाला भिंत बांधावी तसा प्रकार. शोधता शोधता चालकाच्या शेजारच्या खणात एक सुटं लोखंडी जीभेसारखं सापडलं. चिरंजीवांनी खुलासा केला: हे त्या कुलपात नुसतं खोचलं की गाडीला वाटतं पट्टा लावलाय, मग ती ओरडत नाही. असल्या जिभा ऑनलाइन खुशाल विकल्या जात होत्या. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं विकणाऱ्या संकेतस्थळांना त्या काढून टाकायला लावलं. माणसाला वाचवणाऱ्या वस्तूला फसवण्यासाठी माणूस पैसे मोजतो, हे आधी खरं वाटेना. पण वस्तू हातात होती.

कायद्यात मागच्या सीटला पट्टा आहे. न लावल्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार हजार रुपये दंडही आहे. तीन ठिकाणी धरणारा हा पट्टा स्वीडनच्या निल्स बोलिन नावाच्या इंजिनिअरनं १९५९ मध्ये काढला, आणि त्याच्या कंपनीनं तो इतर कारखान्यांनाही वापरू दिला. इतकी साधी नि इतक्या उपयोगाची वस्तू मोटारीत दुसरी नाही. पण मागे बसणं हा आपल्याकडे मान आहे, आणि मानाच्या जागी माणसाला बांधून घालणं आपल्याला बरं दिसत नाही.

सासूबाई म्हणाल्या, "असू द्या हो. मागे बसलेल्याला काय होतंय?"

"आई, आपल्याला चारोटीवरून जायचंय," मी म्हणालो.

पुढे काही बोलावं लागलं नाही. डहाणू तालुक्यात चारोटीचं नाव पुरतं. डहाणूहून आशागड, गंजाड करत हायवेला लागायचं ते चारोटीला, आणि तिथेच सूर्या नदीवरचा पूल आहे. ४ सप्टेंबर २०२२ च्या दुपारी उद्योगपती सायरस मिस्त्री गुजरातेतून मुंबईकडे येत असताना त्यांची गाडी त्या पुलाच्या कठड्यावर आदळली. गाडी भारी होती, परदेशी कंपनीची, आमच्या तोकड्या सेडानच्या कितीतरी पट किमतीची. पुढे बसलेले दोघं जखमी झाले पण वाचले. मागे बसलेले दोघं गेले; मिस्त्री त्यांतले एक. मागच्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. गाडी थांबते तेव्हा आतला माणूस थांबत नाही, तो होत्या त्याच वेगानं पुढे जातो. ऐंशीनं चालली असेल तर ऐंशीनं. मऊ सीट, थंड हवा, दारातला दिवा, यांतलं काहीही त्याला धरत नाही. धरतो तो एवढाच दोन बोटं रुंदीचा पट्टा.

आम्ही डहाणूला थांबलो. स्टेशनकडच्या रस्त्यावर एक सीट-कव्हरवाला गाठला. त्यानं ब्लेड काढलं, सराईत हातानं कव्हर चाचपलं आणि नाडी सापडावी तशी त्याला बरोबर जागा सापडली. दोन्ही कडांना एकेक छेद दिला, आतून कुलपं वर काढली, छेदाच्या कडा शिवून दिल्या. मधल्या सीटला नुसता कमरेचा पट्टा निघाला, तोही फाट्यासारखा गुंडाळलेला. चिरंजीवांनी तो लावला आणि विमानात बसल्यासारखं वाटतंय म्हणाले. मी त्या कारागिराला विचारलं, "अहो, हे असं झाकतात कशाला?"

"साहेब, गिऱ्हाईकच सांगतं. बसताना टोचतं म्हणे. आत घाला म्हणतात." तो धागा तोडत म्हणाला. "बाहेर काढायला आलेले तुम्हीच."

म्हणजे आरामाचा प्रश्न होता. चार मीटरांत गुडघे दुमडून बसणारा, विहिरीत उतरावं तसा उतरणारा, पाव काच बंद ठेवून घाम पुसणारा मागचा प्रवासी. त्याला आयुष्यात आरामाची जी एक गोष्ट मिळाली ती ही, की पट्ट्याचं कुलूप टोचू नये. मला या गाडीवर बरंच काही लिहायचं होतं. बॉनेटची आणि टाकीची कळ शेजारी शेजारी का देतात, गतिरोधकावर तिचं पोट का घासतं, असं पुष्कळ. पण डहाणूपासून पुढे त्यातलं काही महत्त्वाचं वाटेना. सूर्येचा पूल ओलांडताना मागे आरशात पाहिलं. सासूबाईंनी पट्टा दोन्ही हातांनी धरून ठेवला होता, देवळातल्या घंटेची दोरी धरतात तसा.

"सैल आहे का, आई?"

"सैल नाही. पण पदर नीट बसत नाही याच्याखाली. ज्यानं हे काढलं त्याच्या घरात लुगडं नेसणारं कुणी नव्हतं वाटतं."

निल्स बोलिनवरची ही एवढी एकच टीका मला रास्त वाटते.

गाडी परत करताना भाडेवाल्यांचा पोरगा आला. त्यानं फोनवर चारी बाजूंनी फोटो काढले, बंपरवरच्या जुन्या ओरखड्याशी पुन्हा ओळख करून घेतली, चटईवरची नरपडची वाळू झटकली, मग मागचं दार उघडून थबकला. दोन्ही छेदांवरून बोट फिरवलं. आतली कुलपं बघितली, जणू गाडीला नवीन अवयव फुटलेत. मी काय नि कशासाठी केलं ते सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, "बरोबर आहे अंकल," म्हणाला, आणि फोनवर काहीतरी टिपून मला पावती दाखवली. सफाई, दोनशे रुपये. सीट-कव्हरचं नुकसान, दोन ठिकाणी, साडेसातशे रुपये.

मी पैसे दिले. नवं कव्हर सलग घालू नका, एवढं त्याला दोनदा सांगितलं. तो जायला निघाला, सवयीनं पुढच्या खणात हात घालून काहीतरी चाचपू लागला. ती लोखंडी जीभ शोधत असावा. ती मी सूर्येच्या अलीकडेच कचऱ्याच्या डब्यात टाकली होती.